गाळलेली जागा

घारपुरे काका बसत नसत. अमेरिकेतल्या चँडलरमध्ये त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारलं तरी पहिली माहिती हीच मिळते. ते ओट्याशी उभे राहून जेवत. दवाखान्यात नंबर येईपर्यंत भिंतीवरची पोस्टरं वाचत फिरत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळे खुर्च्यांवर स्थिरावले की ते हॉलच्या मागच्या भिंतीला समांतर चालू लागत, आणि व्यासपीठावरच्या पाहुण्याची नजर हळूहळू त्यांच्याबरोबर इकडून तिकडे जाऊ लागे.

"सप्तपदी झाल्यावर ह्यांनी गुरुजींना विचारलं होतं, सातच?" असं त्यांच्या पत्नी, सुमन काकू, सांगत. काका त्यावर हसत नसत. "प्रश्न बरोबर होता," एवढंच म्हणत.

वय बहात्तर. उंच, सडसडीत, मान किंचित पुढे. शर्टाच्या खिशात एक जाड शिसपेन्सिल आणि चार घड्या घातलेला कागद. नोकरीची तीस वर्षं त्यांनी चिप बनवणाऱ्या कारखान्यात काढली. काम एकच: बिघडलेली चिप घ्यायची आणि ती का बिघडली ते शोधून अहवाल लिहायचा. "चांगली निघाली की गिऱ्हाइकाकडे जायची, वाईट निघाली की माझ्याकडे. चांगल्या चिपशी माझी ओळखच नाही," असं ते म्हणत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी हीच पद्धत क्रुसेड्सना लावली. अकराव्या शतकाच्या शेवटी युरोपातले ख्रिस्ती सरदार आणि त्यांच्यामागे हजारो सामान्य माणसं मुसलमानांच्या ताब्यातलं जेरुसलेम घ्यायला निघाली. १०९९ मध्ये शहर मिळालं, आत कत्तल झाली, पुढे ते हातचं गेलं, आणि लढाया थांबत-पेटत जवळजवळ दोनशे वर्षं चालल्या. काकांना ह्यावर मराठीत एक पुस्तक लिहायचं होतं. मी पुण्यातल्या एका दैनिकात अठरा वर्षं उपसंपादक होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे ॲरिझोनात आले, मंडळाचं त्रैमासिक माझ्याकडे आलं आणि त्यामागोमाग हे हस्तलिखितही.

पुस्तक लिहिलं जात होतं गॅरेजमध्ये. गाडी बाहेर उन्हात आणि गॅरेजच्या भिंतीवर आठ फुटांचा पांढरा फळा. उन्हाळ्यात तिथे सकाळी सहानंतर उभं राहणं अशक्य होई, म्हणून काका चारला उठत. फळ्यावर वर एक प्रश्न आणि त्याखाली एकाखाली एक पाच वेळा 'का?'. अमुक झालं. का? तमुक झालं म्हणून. ते का? पाचव्या 'का'ला जे उत्तर येतं ते खरं कारण, अशी कारखान्यातली रीत.

तिला काकांनी स्वतःचं एक कलम जोडलं होतं. पाचव्या ओळीत माणसाचं नाव आलं तर अहवाल परत.

"माणूस हे कारण नसतं, बाई," ते मला म्हणाले होते. मला ते बाई म्हणत, रागावले की संपादक बाई. "रात्रपाळीच्या मुलाने चुकीचं बटण दाबलं, असं लिहून मॅनेजर मोकळा होतो. त्या मुलाला काढतात. पुढच्या महिन्यात दुसरा मुलगा तेच बटण दाबतो. दोन बटणं एकसारखी कुणी ठेवली, ते विचारायचं."

"मग जेरुसलेममध्ये कत्तल झाली, त्यात माणसांचा दोषच नाही?"

"दोष आहे. कारण नाही. दोष कोर्टाने बघावा. मी कारण बघतोय."

ह्या सगळ्याचं मूळ त्यांनी मला एकदा सांगितलं. तासगावच्या शाळेत नववीच्या सहामाहीत प्रश्न आला होता: 'कारणे द्या. धर्मयुद्धे अयशस्वी ठरली. (गुण ५)'. पुस्तकातली चार कारणं त्यांनी लिहिली. पाचवं आठवेना. मग त्यांनी स्वतःच्या डोक्याने लिहिलं: 'कारण ती धर्मयुद्धे नव्हती.' मास्तरांनी चार गुण दिले आणि पाचव्या ओळीसमोर लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं. "अठ्ठावन्न वर्षं झाली. प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे. आयुष्यभर मी 'कारणे द्या' एवढंच सोडवलं. पगार मिळाला, हाच काय तो फरक."

मराठीत क्रुसेड्सना धर्मयुद्ध म्हणतात. शालेय पुस्तकांत तेच, वर्तमानपत्रांत तेच, मीही अनेकदा तेच छापलेलं आहे. काकांना तो शब्द नको होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे धर्मयुद्ध म्हणजे धर्माच्या नावावरचं युद्ध नव्हे, नियमाने लढलेलं युद्ध. सूर्य मावळला की शस्त्र खाली. हातात शस्त्र नाही त्याच्यावर वार नाही. शरण आलेल्याला अभय. "आणि जेरुसलेममध्ये काय झालं? सूर्य मावळला, उगवला, तरी चालूच होतं. त्याला हा शब्द वापरायचा? बिघडलेल्या चिपवर 'उत्तम' असा शिक्का?"

दुसरा शब्द मिळत नव्हता. क्रुसेड हा शब्दही नंतर पडलेला. जे गेले ते स्वतःच्या जाण्याला यात्रा म्हणत. काका हे सांगताना नेहमी वेग वाढवत. "यात्रा, बाई! आपण आळंदीला जातो ती यात्रा! हा शब्द मी वापरला तर वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर ते आवडायला लागतील." पवित्र युद्ध नको, कारण पवित्र कोण ठरवणार. जिहादच्या वजनाचा शब्द नको, कारण ती दुसऱ्या बाजूची गोष्ट. मी एकदा 'फिरंग्यांच्या स्वाऱ्या' सुचवलं. तेव्हाचे अरब ह्या लोकांना फ्रंज म्हणत, आपला फिरंगी त्याच घराण्यातला, असं मी वाचलं होतं. काका खूश झाले, गॅरेजमध्ये दोन फेऱ्या मारल्या, आणि तिसऱ्या फेरीला म्हणाले, "नाही. माझी नात अर्धी फिरंगी आहे. मोठी होऊन वाचेल."

म्हणून हस्तलिखितात जिथे जिथे तो शब्द यायला हवा तिथे तिथे त्यांनी एक आडवी रेघ ओढलेली होती. तीनशे दहा पानं आणि पानोपानी रेघा. वाचताना परीक्षेचा पेपर हातात असल्यासारखं वाटे. गाळलेल्या जागा भरा.

त्यांच्या घराजवळच्या एका खासगी शाळेच्या फुटबॉल संघाचं नाव क्रुसेडर्स. कुंपणावर घोड्यावरच्या चिलखती सरदाराचं चित्र. काका एका सकाळी सरावाच्या वेळी आत गेले आणि कोचला विचारलं, "तुमचे हे कोणत्या वेळचे? पहिल्या की चौथ्या? चौथ्या वेळचे असतील तर जपा. ते जेरुसलेमला निघाले आणि वाटेत आपल्याच धर्माचं शहर लुटून परत आले."

कोच भला माणूस होता. तो म्हणाला, "सर, खरं सांगू का, गेल्या सीझनमध्ये आम्ही एकही मॅच जिंकलो नाही."

"मग नाव बरोबर आहे," काका म्हणाले. त्यानंतर तो कोच त्यांना दुरून हात करत असे.

आता हलीम. हे गृहस्थ सिरियाचे, निवृत्त फार्मासिस्ट, मुलीकडे राहणारे, वयाने काकांच्याच जोडीचे, बुटके, पोट पुढे, चालताना हात पाठीमागे. चँडलरच्या उन्हाळ्यात बाहेर चालता येत नाही. म्हातारी माणसं सकाळी मॉलमध्ये चालतात. दुकानं दहाला उघडतात, पण दारं त्याआधीच उघडी ठेवलेली असतात. बंद शटरांसमोरून, थंड हवेत, तळमजल्याच्या चौकाभोवती लोक फेऱ्या मारतात. एका फेरीला काकांना अकरा मिनिटं लागत.

काका घड्याळाच्या दिशेने चालत. हलीम उलट दिशेने. दोघांनीही हे ठरवून केलं नव्हतं. एकाच्या पायांत प्रदक्षिणा होती, दुसऱ्याच्या पायांत मक्केच्या काब्याभोवतीची उलटी फेरी. त्यामुळे एका फेरीत दोघं दोनदा समोरासमोर येत. आठवडाभर मान हलवून झाल्यावर काकांनी थेट विचारलं, "तुम्ही मूळचे कुठले?"

"सिरिया."

"सिरियात कुठले?"

"लहान गाव आहे. तुम्हाला माहीत असणार नाही. आईचं गाव. मअर्रा."

"मअर्रा?" काका म्हणाले. "दहाशे अठ्ठ्याण्णव, डिसेंबर?"

हलीम जागच्या जागी थांबला. मअर्रा हे जेरुसलेमच्या वाटेवरचं गाव. वेढा पडला, तटबंदी फुटली, ज्यांना अभयाचं वचन देऊन एका वाड्यात गोळा केलं त्यांना मारलं किंवा विकलं. नंतर त्या हिवाळ्यात उपासमार झाली तेव्हा वेढा घालणाऱ्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं, असं त्यांच्याच बाजूच्या बखरकारांनी लिहून ठेवलंय. हलीम चाळीस वर्षं अमेरिकेत होता. ह्या देशात त्याच्या आईच्या गावाचं नाव ऐकून वर्ष आणि महिना सांगणारा हा पहिला माणूस, आणि तो निघाला तासगावचा.

दुसऱ्या दिवशी काकांनी दिशा बदलली. हलीमबरोबर, हलीमच्या दिशेने. सुमन काकूंनी विचारलं, "अहो, उलटी प्रदक्षिणा घालता?" काका म्हणाले, "कुणीतरी वळायला हवं होतं. माझा देव घरी आहे, तो काही त्या मॉलच्या मध्यभागी बसलेला नाही."

सात वर्षं ते दोघं तसे चालले. मी अधूनमधून त्यांच्याबरोबर असे, दोन पावलं मागे. बोलणं इंग्रजीतून. हलीम काकांना मुहंदिस म्हणे, म्हणजे अरबीत इंजिनियर, तिकडे ती मानाने हाक मारायची पद्धत आहे. काका त्याला हकीमसाहेब म्हणत. गॅरेजमध्ये पहाटे लिहिलेलं काका सकाळी त्याला तोंडी सांगत आणि हलीम चुका काढी. काका त्याला सोयीचं तेवढंच सांगत नसत. अँटिओक शहर १२६८ मध्ये मुसलमान सुलतानाच्या सैन्याने घेतलं तेव्हा आतल्या ख्रिस्ती माणसांचं काय झालं, तेही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. हलीमने एक पूर्ण फेरी ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लिहा. तेही लिहा. नाहीतर मअर्रावर कोण विश्वास ठेवील?"

सिरियातल्या अलीकडच्या युद्धात ते गाव पुन्हा रिकामं झालं. हलीमची बहीण तिथून निघाली ती बातमी त्याला फोनवर आली तेव्हाही हे दोघं मॉलमध्येच होते. काका त्या दिवशी नेहमीपेक्षा तीन फेऱ्या जास्त चालले. हलीम चालत होता म्हणून.

हे मोडलं माझ्यामुळे.

मंडळाची व्याख्यानं सार्वजनिक ग्रंथालयाच्या हॉलमध्ये होतात. काकांनी बोलायचं कबूल केलं आणि मला फोनवर विषय लिहून पाठवला: 'सन १०९९. एका ______चा दोष-अहवाल.' मी तो जाहिरातीसाठी घेतला. वर्तमानपत्रात बातमीदाराला नेमका शब्द सुचला नाही की तो जागा सोडतो. ती भरणं हे डेस्कचं काम. अठरा वर्षं मी तेच केलं होतं. हस्तलिखितातल्या रेघा मला माहीत होत्या. पण ही जाहिरात होती, ती त्या संध्याकाळी जायची होती, आणि जाहिरातीत रेघ चालत नाही. मी 'धर्मयुद्धा' एवढी अक्षरं भरली. फार तर दोन मिनिटं गेली असतील.

मंडळाची सेक्रेटरी रेवती इथे जन्मलेली. मराठी बोलते, वाचताना अडखळते. ग्रंथालयाला पत्रक इंग्रजीत लागतं, म्हणून तिने शीर्षकाचं इंग्रजी फोनला विचारलं. फोनने सांगितलं, राइचस वॉर. न्याय्य युद्ध. दोष-अहवाल हा शब्द लांब होत होता, म्हणून तिने गाळला. वर लाल क्रुसाचं चिलखत घातलेला सरदार, खाली 'द राइचस वॉर ऑफ टेन नाइन्टी-नाइन' आणि त्याखाली काकांचा हसरा फोटो. हे पत्रक ग्रंथालयाच्या फळ्यावर दहा दिवस होतं. हलीम दर मंगळवारी तिथे वर्तमानपत्रं वाचायला जाई.

त्या बुधवारी तो मॉलमध्ये आला नाही. गुरुवारी नाही. काकांनी फोन केले, उचलले गेले नाहीत. शनिवारी एका ओळीचा निरोप आला: 'कागद पाहिला, मुहंदिस.'

काका ग्रंथालयात गेले, कागद पाहिला आणि तिथून माझ्या दारात आले.

"बाई, जागा कुणी भरली?"

"मी."

"का?"

"मोकळी होती म्हणून."

ते अंगणातल्या खडीवर चार पावलं गेले, चार परत आले. बाहेर एकशे दहा फॅरनहाइटच्या वर तापमान होतं. मी आत या म्हटलं, ते आले नाहीत.

"तुमच्याकडे मोकळी जागा म्हणजे भरा," ते म्हणाले. "आमच्याकडे मोकळा रकाना म्हणजे मोजलेलं नाही, हात लावू नका. अंदाजाने भरला तर नोकरी जाते. दोन खात्यांत चिन्ह एकच, अर्थ उलटे. दोन सारखी बटणं. पद्धतीतली चूक आहे. तुमचं नाव येत नाही त्यात."

मी म्हटलं, मी हलीमना इंग्रजीत खुलासा लिहून देते. शब्द कुणाचा, भाषांतर कसं झालं, सगळं क्रमाने.

"दुरुस्ती आतल्या पानावर, बारीक अक्षरांत येते, संपादक बाई. बातमी माझ्या फोटोसकट पहिल्या पानावर गेलीय."

रेवतीला मी सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली. "मला वाटलं इट साउंड्स पॉवरफुल. मावशी, मी त्यांच्या घरी जाऊन सॉरी म्हणू?" काकांनी तिलाही जाऊ दिलं नाही.

व्याख्यानाला एरवी वीस माणसं येतात, त्या दिवशी सत्तर आली. शीर्षकाने आणली होती. पहिल्या रांगेतल्या काहींच्या चेहऱ्यावर आज आपल्या बाजूचं काहीतरी ऐकायला मिळणार, असा भाव होता. काकांनी माइक हातात घेतला आणि चालत सुरुवात केली. "शीर्षकातला शब्द रद्द समजा. त्या जागी काही नाही. जागा मी मोकळी सोडली, सांगितलं मात्र कुणालाच नाही, ही माझी चूक." मग त्यांनी मअर्राचं प्रकरण वाचलं आणि मागोमाग अँटिओकचं. आवाज दोन्हींना सारखा.

प्रश्नांच्या वेळी एक गृहस्थ उठले. "काका, हे त्यांचं त्यांचं झालं. पण त्यांनी आपल्याकडे येऊन काय केलं, ते पण सांगा ना."

"तो वेगळा प्रश्न आहे. पाच गुणांचा. आज हा सोडवतोय."

"म्हणजे तुम्ही टाळताय."

"नाही हो. एका उत्तरपत्रिकेत दुसऱ्या पेपरची उत्तरं लिहिली तर गुण मिळत नाहीत, एवढंच सांगतोय."

मागून कुणीतरी, "चला, सामोसे गार होतायत," म्हणालं आणि निम्मा हॉल उठला. काका उरलेल्यांसाठी चालत राहिले. त्यांची नजर प्रत्येक वळणाला दाराकडे जात होती. दारातून कुणी आलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी हस्तलिखिताची काही पानं द्यायला त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, "गॅरेजमध्ये ठेव गं. ते मॉलमध्ये गेलेत. एकटेच." मी गॅरेज उघडलं. फळा पुसून नव्याने लिहिला होता. वर प्रश्न: 'ह. येत नाही. का?' खाली पायऱ्या. पत्रक पाहिलं म्हणून. ते का लागलं? जागा भरली गेली म्हणून. ती का भरली? भरू नका, असं सांगितलेलं नव्हतं म्हणून. ते का सांगितलं नाही? स्वतःला जे माहीत ते सगळ्यांना माहीत, असं धरून चाललो म्हणून. पाचव्या 'का'समोर एकच शब्द होता: 'घारपुरे.'

मी पानं ठेवली आणि दार ओढून घेतलं. त्यांना मी ह्याबद्दल कधी विचारलं नाही.

जवळजवळ पाच आठवड्यांनी हलीम मॉलमध्ये परत आला. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि त्या उन्हात दुसरी जागा नव्हती. काकांना पाहून त्याने न पाहिल्यासारखं केलं आणि आपल्या दिशेने चालू लागला. काकांनी त्याला गाठलं नाही. ते वळले आणि सात वर्षांनी पुन्हा घड्याळाच्या दिशेने निघाले.

"मागून हाक मारली तर तो थांबणार नाही," त्यांनी मला नंतर सांगितलं. "समोरून आलो तर तोंड चुकवायला त्याला मान वळवावी लागेल. एका फेरीत दोनदा. त्याची मान आधीच दुखते."

समोरासमोरून जाताना एक वाक्य बसतं, दुसऱ्याला वेळ नसतो. काका एक वाक्य म्हणत आणि पुढे जात. पुढच्या वाक्याला पाच-साडेपाच मिनिटं. पहिल्या दिवशी त्यांनी "शब्द माझा नव्हता" आणि "फोटो माझा होता" ही दोन वाक्यं आलटून पालटून म्हटली. हलीमने मान वळवली. दुसऱ्या दिवशीही. काका घरी येऊन वाक्यं कागदावर लिहीत, खोडत, लहान करत. काकू म्हणाल्या, "लग्नाआधी मला पत्रं लिहायचे, तीसुद्धा इतकी खोडलेली नव्हती."

चौथ्या दिवशी मी गेले. मधल्या सरकत्या जिन्याजवळच्या बाकावर बसले. तिथून दोघांच्या भेटीची एक जागा दिसत होती. दुसरी भेट मागच्या बाजूला होई, ती ऐकू येत नसे. जे ऐकलं ते लिहून ठेवलं.

हलीम पहिल्यांदा बोलला. चालता चालता, समोर बघत: "राइचस, मुहंदिस?"

काका पुढे गेले. मागच्या बाजूला काय बोलले ते कळलं नाही. पुन्हा समोर आले तेव्हा म्हणत होते, "आमच्या भाषेत धर्म म्हणजे रिलिजन नाही."

पुढच्या फेरीला हलीम: "मग काय आहे?"

त्यानंतरच्या फेरीला काका, दम लागलेला: "खारटपणा हा मिठाचा धर्म. भाजणं हा आगीचा."

हलीमचा वेग कमी झाला होता. पुढच्या वेळी त्याने विचारलं, "आणि युद्धाचा?"

काकांकडे ह्याचं उत्तर तयार होतं, अठ्ठावन्न वर्षं तयार होतं. तरी ते नियमाप्रमाणे पुढे गेले आणि मागच्या बाजूने फिरून आले. "सूर्य मावळला की थांबणं."

हलीम थांबला. मॉलच्या मधोमध, एका बंद दागिन्यांच्या दुकानासमोर. त्याच्या मागून येणाऱ्या बाईला वळसा घालून जावं लागलं.

"ते थांबले नव्हते," तो म्हणाला.

"म्हणून जागा रिकामी आहे," काका म्हणाले.

काकाही थांबले होते. मी त्यांना जागच्या जागी उभं राहिलेलं पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांचे हात मात्र हलत होते. त्यांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि त्यावर लिहिलेल्या शीर्षकातली रेघ हलीमला दाखवली. हलीमने चष्मा कपाळावर सरकवून ती बराच वेळ पाहिली. मराठी त्याला येत नाही. पण रेघेत वाचण्यासारखं काही नव्हतं. त्याने कागदाची घडी घालून परत दिली आणि आपल्या दिशेने निघून गेला. काका आपल्या दिशेने गेले.

त्यांचा समेट झाला की नाही, हे त्या दिवशी मला सांगता आलं नसतं. काकांनाही नाही. "उत्तरपत्रिका दिलीय. निकाल त्याच्या हातात," ते म्हणाले. पुढचे काही आठवडे दोघं तसेच उलट सुलट चालत राहिले, आणि दर भेटीला एक वाक्य होत राहिलं. हवापाणी, गुडघे, बहिणीचा फोन.

ऑक्टोबरात काकांच्या मुलीने ठरवलं की काका-काकूंना आपल्याकडे सांता क्लाराला न्यायचं. काकांच्या डोळ्यांचं दुखणं वाढलं होतं, गाडी चालवणं बंद झालं होतं. पुस्तक पुरं झालेलं नव्हतं. निघायच्या आदल्या सकाळी मी तपासलेली पानं घेऊन मॉलमध्ये गेले. शीर्षकाच्या पानावर काय छापायचं, हे विचारायचं होतं.

ते दोघं लांबून येताना दिसले. एकत्र. दिशा मी नीट पाहिली: घड्याळाची. ह्या वेळी हलीम वळला होता. त्याचे हात नेहमीसारखे पाठीमागे होते आणि तो काहीतरी तावातावाने सांगत होता. काका मान पुढे काढून, त्याच्यापेक्षा अर्धं पाऊल पुढे.

मी पानं पुढे केली. काका थांबले नाहीत. पानं त्यांनी चालता चालताच घेतली.

"काका, शब्द?"

"भरू नका," ते म्हणाले. मग दोन पावलं पुढे जाऊन, मागे न बघता, "रेघ जरा जाड करा. लोकांना दिसली पाहिजे."

सरकत्या जिन्याच्या पुढे वाट उजवीकडे वळते. हलीमचे पाय जुन्या सवयीने डावीकडे, बंद शटराच्या दिशेने निघाले. काकांनी बोलणं न थांबवता त्याची बाही धरली, त्याला आपल्याकडे ओढलं, आणि दोघं वळणापलीकडे गेले.